मागितलेली शाळा आणि लादलेली शाळा

(विहाराच्या वर्षावास व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो ते बहुतेक तसेच ठेवले आहे.)



मी काही प्राध्यापक नाही. शाळा सातवीला सुटली, पुढचे आयुष्य गिरणीच्या रिंगखात्यात गेले. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून आणि या विहाराच्या कपाटातली पुस्तके घरी नेऊन. तेव्हा कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

आजचा विषय दुसराच ठरला होता, तो मी बदलून घेतला. कारण सांगतो. मागच्या रविवारी धम्मवर्ग संपल्यावर बारावीत शिकणारी एक मुलगी माझ्याकडे आली. तिच्या मोबाईलवर एक संदेश फिरत आला होता. कॅनडा देशात चर्चच्या शाळेच्या आवारात २१५ मुलांचे सांगाडे सापडले, असे त्यात होते आणि खाली लिहिले होते की धर्म बदलणाऱ्यांचे असेच होते. ती म्हणाली, "काका, हे खरं आहे का? आणि खरं असेल तर धर्म आपणही बदललाय. मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय?"

प्रश्न सोपा नव्हता. दोन वाक्यांत उत्तर दिले असते तर ते खोटे झाले असते. म्हणून आज जरा सविस्तर बोलतो.

आधी त्या संदेशाचे बघू. मे २०२१ मध्ये कॅनडाच्या कॅमलूप्स गावच्या जुन्या निवासी शाळेच्या आवारात, जमिनीखालचे दाखवणाऱ्या रडार यंत्राने थडग्यांसारख्या सुमारे २०० जागा दाखवल्या. तिथल्या मूळनिवासी लोकांनीच ते जाहीर केले, आकडा आधी २१५ सांगितला होता. आता हे यंत्र हाडे दाखवत नाही. माती कुठे उकरली गेली, हलली, तेवढे दाखवते. म्हणजे "सांगाडे सापडले" हे संदेश लिहिणाऱ्याने आपल्या पदरचे घातले. पण म्हणून सगळे खोटे का? नाही. कारण कॅमलूप्स बाजूला ठेवले तरी शाळांच्या, चर्चच्या आणि सरकारच्या कागदपत्रांतूनच या निवासी शाळांत मेलेल्या ४,१०० हून अधिक मुलांची नोंद आता झालेली आहे. ज्यांची नोंदच झाली नाही ती वेगळी. खरे एवढे मोठे असताना लोकांना त्यात भर का घालावीशी वाटते, मला कळत नाही. बरे, हा संदेश पाठवणाऱ्याला त्या मुलांचे दुःख होते असेही नाही. त्याला आपल्याला काहीतरी सांगायचे होते. त्याकडे मी शेवटी येतो.

तर हे मूळनिवासी म्हणजे कोण? सिनेमात ज्यांना आपण पिसे लावलेले "रेड इंडियन" म्हणून बघितले, ते. इंडियन हे नाव त्यांचे नव्हेच. कोलंबसाला वाटले आपण हिंदुस्थानात आलो, म्हणून त्याने ते चिकटवले. त्यांची स्वतःची नावे आहेत: क्री, ओजिब्वे, मोहॉक, ब्लॅकफूट, उत्तरेच्या बर्फातले इनुइट. शेकडो वर्षे कातड्यांचा व्यापार चालला तोवर गोऱ्यांना त्यांची गरज होती, म्हणून बरे चालले होते. मग गोऱ्यांना शेतीला जमीन हवी झाली आणि रेल्वे टाकायची झाली. १८७१ पासून इंग्लंडच्या राणीच्या नावाने एकामागून एक करार झाले. जमीन सरकारला, आणि मूळनिवाशांना राखीव वस्त्या.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, बरं का. मला ती बऱ्याच उशिरा कळली आणि कळल्यावर रात्रभर डोक्यात राहिली. त्या करारांत शाळेचे कलम आहे. आणि शाळा त्यांच्या सरदारांनाच हवी होती! त्यांना दिसत होते की शिकार संपत चालली, आता आपल्या पोरांना गोऱ्याचे लिहिणे-वाचणे, हिशेब आला पाहिजे, नाहीतर हे आपल्याला कागदावर बुडवतील. ओजिब्वे लोकांचा शिंगवॉक नावाचा एक सरदार १८३२ साली बर्फातून शेकडो मैल तुडवत गव्हर्नरकडे गेला होता, आमच्या लोकांना शिक्षक द्या म्हणून. पुढे त्याचा मुलगा ऑगस्टीन १८७१ साली एका मिशनऱ्याबरोबर शहराशहरांत फिरला. त्याच्या मनात होती ती "शिकवणारी झोपडी". झोपडी आपली, त्यात विद्या दोघांची. आपण शिका-संघटित व्हा-संघर्ष करा म्हणणारे लोक. आपल्याला ही भूक समजावून सांगावी लागत नाही.

करारात लिहिले होते, शाळा तुमच्या वस्तीत देऊ. मिळाली ती वस्तीपासून लांब. ही चूक नव्हती, ते ठरवून केले होते. १८७९ साली सरकारने डेव्हिन नावाच्या माणसाला अमेरिकेतल्या अशा शाळा बघायला पाठवले, त्याने अहवाल दिला. १८८३ साली पंतप्रधान मॅकडोनल्ड यांनी पार्लमेंटात उघड सांगितले की मूल वस्तीतल्या शाळेत गेले, आईबापांजवळ राहिले, तर तो लिहिता-वाचता येणारा रानटीच होईल. त्याला आईबापांपासून तोडलेच पाहिजे. शाळा चालवायला सरकारकडे माणसे नव्हती आणि पैसा खर्चायचा नव्हता. पाद्री आणि नन मात्र कमी पैशांत काम करायला तयार होते. कॅथलिक पंथाकडे निम्म्याहून जास्त शाळा, बाकीच्या अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन अशा पंथांकडे. सरकारला स्वस्तात शाळा मिळाली, चर्चला आयते आत्मे मिळाले. शंभरावर वर्षांत सुमारे दीड लाख मुले या शाळांतून गेली. शेवटची शाळा १९९७ साली बंद झाली. म्हणजे ही फार जुनी गोष्ट नाही. तेव्हा मी गिरणीत पाळीवर जात होतो.

पहिल्या दिवशी काय व्हायचे? वाचलेल्या जबान्यांवरून सांगतो. सहा-सात वर्षांचे पोर. आईने नवे कपडे शिवून, वेणी घालून पाठवलेले. पोचल्याबरोबर कपडे काढून घेतले, केस कापले. त्यांच्यात घरात मयत झाले की केस कापायची रीत अनेक ठिकाणी होती. पोराला वाटायचे, माझी आई मेली की काय. मग डोक्याला औषध लावून आंघोळ, शाळेचा गणवेश आणि एक नंबर. कपड्यावर नंबर, ताटावर नंबर, हाक मारायची तीही पुष्कळ ठिकाणी नंबरानेच. ख्रिश्चन नाव मिळायचे, जुने नाव उच्चारायचे नाही. आपली बोली बोलायची नाही. बोलला तर मार, उपाशी ठेवणे, तोंडात साबण. भाऊ मुलांच्या बाजूला, बहीण मुलींच्या बाजूला, एकमेकांशी बोलायची बंदी. फिलिस वेब्स्टॅड नावाची मुलगी १९७३ साली सहा वर्षांची असताना अशा शाळेत गेली. आजीने तिला नवा नारिंगी सदरा घेऊन दिला होता. तो पहिल्याच दिवशी गेला, परत मिळाला नाही. तिने मोठेपणी ही हकिगत सांगितली आणि २०१३ पासून तिथे ३० सप्टेंबरला लोक नारिंगी सदरे घालतात.

नंबराचे म्हणाल तर गिरणीत मलाही बिल्ला होता. जॉबर नंबराने हाक मारायचा. पण पाळी सुटली, गेटाबाहेर पडलो की मी परत माझ्या नावाचा माणूस. चाळीत कुणी मला नंबराने ओळखत नव्हते. त्या पोरांना गेटाबाहेर जाता येत नव्हते, एवढेच सांगतो.

शिक्षण तरी मिळाले का? अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस काम. मुलांनी शेतात राबायचे, मुलींनी धुणे, शिवण, स्वयंपाक. कारण सरकार १८९२ पासून डोईमागे ठरावीक अनुदान द्यायचे, ते पुरायचे नाही, आणि उरलेला खर्च पोरांच्या अंगातून काढायचा. डोईमागे पैसे म्हटल्यावर डोकी भरायची घाई. आजारी पोरालाही घ्यायचे. खोकणारे पोर आणि चांगले पोर एकाच बंद खोलीत, खाटेला खाट लावून.

टीबी म्हणजे काय, हे गिरणगावाच्या लोकांना मी सांगू नये. खात्यातली हवा आणि दहा बाय दहाच्या खोलीत सातजण, आपण किती माणसे त्यात घालवली. तिथल्या सरकारचा एक मोठा वैद्यकीय अधिकारी होता, डॉ. पीटर ब्राइस. त्याने १९०७ साली शाळांची पाहणी केली. पंधरा शाळांनी माहिती दिली, १,५३७ मुलांची. त्यांतली जवळजवळ चौथा हिस्सा मेलेली होती. एका शाळेने अगदी चोख हिशेब दिला, तिथून बाहेर पडलेल्या शंभरातली ६९ मुले मेलेली. ब्राइस नुसता ओरडला नाही, उपायही सांगितले: हवा खेळती ठेवा, आजारी वेगळे ठेवा, शाळा डॉक्टरांच्या हाती द्या. खर्च फार होतो म्हणून वरच्यांनी ते बाजूला ठेवले. त्याची बढती अडवली, १९२१ साली त्याला घरी बसवले. १९२२ साली त्याने स्वतः पुस्तिका छापली आणि तिच्या नावातच याला राष्ट्रीय गुन्हा म्हटले. नुसते वाईट वाटणारे लोक सगळीकडे असतात. हा माणूस आकडे घेऊन उभा राहिला. अशा गोऱ्या माणसालाही मी सलाम करतो.

आणि उपासमार. १९४८ ते १९५२ च्या दरम्यान सहा निवासी शाळांत सरकारी तज्ज्ञांनी आहाराचे प्रयोग केले. मुले अर्धपोटी आहेत हे त्यांना ठाऊक होते. पोटभर जेवण देण्याऐवजी कुणाला जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, कुणाला मुद्दाम काहीच नाही, फरक बघायला. आईबापांना विचारले नाही. हे लोकांसमोर आले २०१३ साली, एका इतिहास संशोधकाने कागद उकरले तेव्हा.

मुले पळायची. एकाचीच गोष्ट सांगतो. चेनी वेन्जॅक, ओजिब्वे मुलगा, वय १२. शाळेत त्याला चार्ली केला होता. १६ ऑक्टोबर १९६६ ला तो केनोरा गावच्या शाळेतून निघाला. घर ६०० किलोमीटरवर. म्हणजे आपल्या मुंबईहून निघून अकोल्याच्याही पुढे. त्याला एवढेच ठाऊक होते की रेल्वेचे रूळ घराकडे जातात. अंगात पातळ जाकीट, खिशात काचेच्या बरणीत थोड्या काड्या. बर्फ आणि गारठलेला पाऊस. आठवडाभराने रुळाच्या कडेला त्याचे प्रेत सापडले. १९६६ साल, दादा! आपल्या धम्मदीक्षेला दहा वर्षे झाली होती, आपली पोरे मिलिंद महाविद्यालयात जात होती.

महिला मंडळातल्या एका ताईंनी मघाशी चहाच्या वेळी मला विचारले, "आयांनी पोरं दिलीच कशी?" दिली नाहीत, ताई. १९२० साली कायदा झाला, ७ ते १५ वर्षांच्या मुलाला पाठवले नाही तर आईबापाला दंड नाहीतर तुरुंग. घोडेस्वार पोलीस दारात यायचे.

आणि इथे मी माझ्या मुद्द्यावर येतो. मिशनरी एकटा होता तोवर तो काय करू शकत होता? बोलू शकत होता, औषध देऊ शकत होता, लालूच दाखवू शकत होता. उलट त्याला लोकांची भाषा शिकावी लागायची. १८४० साली जेम्स इव्हान्स नावाच्या मिशनऱ्याने क्री भाषेसाठी अक्षरे बसवली, ती लोकांनी इतकी आपली केली की हातोहात पसरली आणि पुढे इनुइटांनीही घेतली. आपल्याकडे विल्यम कॅरे या मिशनऱ्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले. हेतू बायबलच होता, पण भाषा जिवंत राहिली. पुढे तोच मिशनरी त्या भाषेबद्दल पोराला मारायला लागला. मधल्या काळात एकच झाले. त्याच्या पाठीमागे कायदा आणि पोलीस येऊन उभा राहिला.

कायदा कुठवर गेला बघा. पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांत पोटलॅच नावाचा सोहळा असतो. नामकरण असो, लग्न असो, कुणाचे मरण असो, यजमान गावाला जेवू घालतो आणि घोंगड्या, भांडीकुंडी, पैसा वाटून टाकतो. जो जास्त देईल त्याचा मान मोठा. आपण दानाला पारमिता म्हणतो. तिथे पाद्री आणि सरकारी एजंट म्हणाले, हे उधळे लोक अशाने सुधारणार नाहीत. १८८४ साली कायदा करून दान हा गुन्हा ठरवला! १९२१ च्या नाताळात एका बेटावर मोठा पोटलॅच झाला, ४५ जणांवर खटले भरले, वीसेक जण तुरुंगात गेले. मुखवटे आणि तांब्याच्या मानाच्या ढाली जप्त करून लांबच्या संग्रहालयांत गेल्या. बंदी १९५१ ला उठली. १९८० साली अलर्ट बे गावी त्यांनी स्वतःचे केंद्र बांधून काही वस्तू परत आणल्या. केंद्राचे नाव उमिस्ता. धरून नेलेले माणूस परत आले की त्याला त्यांच्या भाषेत उमिस्ता म्हणत.

अजून एक कलम ऐका, हे मी वहीत लाल शाईने लिहून ठेवले आहे. १९२७ साली कॅनडाने कायदा केला की मूळनिवाशांच्या जमिनीच्या दाव्यासाठी सरकारच्या परवानगीवाचून कुणी पैसा गोळा करायचा नाही, म्हणजे वकील लावायलाच नको. १९२७! त्याच साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी उचलले. सवर्णांनी कोर्टात दावा लावला आणि तो दावा दहा वर्षे लढवून १९३७ साली मुंबई हायकोर्टात आपण जिंकला. साम्राज्य तेच, राजा तोच, पाचवा जॉर्ज. इथे आपला माणूस बॅरिस्टर होऊन कोर्टात उभा राहिला, तिथे बॅरिस्टर लावणे हाच गुन्हा. कॅनडात तर १८७६ च्या कायद्याप्रमाणे मूळनिवाशाने विद्यापीठाची पदवी घेतली की तो कायद्याने मूळनिवासीच राहत नव्हता, आपल्या लोकांत त्याचा हक्क संपायचा. हे कलम चारच वर्षे चालले, पण डोके कसे चालत होते ते दिसते. शिकलेला माणूस आपल्या समाजात परत जाऊच नये. शिकून वकील झालेला परत आला तर काय होते, हे आपल्या देशाने बघितले आहे.

आता आपल्याकडच्या मिशनऱ्यांचे. इथे मी कृतघ्न होणार नाही. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला, तर मुंबई सरकारने सवर्णांच्या भीतीने त्याला नाही म्हटले. त्याच काळात मिशनच्या शाळेचे दार उघडे होते. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरला मिस फरार यांची मुलींची शाळा त्यांनी बघितली आणि १८४८ साली पुण्यात स्वतःची काढली. त्यांच्या शाळेतली मांग समाजाची मुक्ता साळवे, तिने आपल्या लोकांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो १८५५ साली छापला कुणी? ज्ञानोदयने. अमेरिकन मिशनच्या पत्राने. तिच्या नावाने, तिच्या भाषेत. तिकडे पोराचे तोंड साबणाने धुणारे आणि इकडे पोरीचा शब्द छापणारे, दोघांच्या हातात पुस्तक एकच होते. जोतीराव त्या शाळेत शिकले, पण ख्रिस्ती झाले नाहीत आणि कुणी पोलीस त्यांच्या दारात आला नाही.

पण आपल्याच किनाऱ्यावर राज्य आणि चर्च एक झाले तिथे काय झाले? गोव्यात पोर्तुगीजांनी १५६० ला इन्क्विझिशन बसवले आणि १६८४ साली व्हाइसरॉयने कोकणी बोली बंद करायचा हुकूम काढला. पोपने पंधराव्या शतकात पोर्तुगाल आणि स्पेनच्या राजांना फर्माने दिली होती की ख्रिस्ती नसलेल्यांचे मुलूख ताब्यात घ्या. गोव्याला तेच फर्मान आणि अमेरिका खंडालाही तेच.

म्हणून त्या मुलीला माझे उत्तर असे आहे. बाळ, तिकडे धर्म बदलला नाही, बदलवला. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला सांगितले की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि दीक्षा घेतली १९५६ ला. मधे एकवीस वर्षे. किती धर्मांचे लोक येऊन भेटून गेले, मिशनरीही आले. बाबासाहेबांनी सगळ्यांचे ऐकले, वाचले, ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांची जात तिथेही सुटली नाही हे लिहून ठेवले, आणि नाही म्हणाले. कॅनडातल्या सहा वर्षांच्या पोराला नाही म्हणता येत नव्हते. नागपूरच्या मैदानावर लाखो लोक आपल्या पायांनी, पदरच्या भाकरीवर आले. नावांचे बघा. त्यांची नावे काढून घेतली. आपल्या वाडवडिलांची नावे कचरू, धोंडू, दगडू. आणि पोरांची नावे सिद्धार्थ, राहुल, सुजाता आपण ठेवली, आपल्या हातांनी.

आणि आता तो संदेश पाठवणारा. त्याला कॅनडा दाखवून एवढेच म्हणायचे आहे की धर्मांतरावर सरकारने लगाम घालावा. असे कायदे आपल्या देशात १९६७ ला ओरिसात, १९६८ ला मध्य प्रदेशात झाले, नंतर आणखी राज्यांत. नाव बळजबरी आणि लालूच रोखण्याचे. गुजरातमध्ये २००३ चा कायदा आहे आणि एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या गृह खात्याने परिपत्रक काढले की बौद्ध धम्म स्वीकारायलाही त्याखाली कलेक्टरची आधी परवानगी पाहिजे. दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी कुणाची परवानगी मागितली होती? कॅनडाचा अनुभव नीट वाचला तर उलटे कळते. लोकांच्या श्रद्धेवर सरकारचा हात आला तिथून छळ सुरू झाला. तीच काठी पुन्हा सरकारच्या हातात देऊन आपण सुटणार आहोत का?

दुसरे, आपल्या चाळीत जी ख्रिश्चन कुटुंबे आहेत, त्यांच्या अंगावर हा संदेश कुणी फेकू नये. तिकडच्या पापाचा हिशेब इकडच्या गरिबाकडून घ्यायचा नसतो. कॅनडातलेही कितीतरी मूळनिवासी आज ख्रिस्तीच आहेत आणि त्यांतलेच कित्येक चर्चला जाब विचारणाऱ्यांत पुढे होते.

जाब विचारला आणि माफीही घेतली. १९९० साली फिल फाँटेन या त्यांच्या पुढाऱ्याने आपल्यावर शाळेत झालेले अत्याचार जाहीर सांगितले, तेव्हा इतरांची तोंडे उघडली. हजारो लोक कोर्टात गेले. २००८ साली पंतप्रधान हार्पर यांनी पार्लमेंटात माफी मागितली. मरे सिंक्लेअर या मूळनिवासी न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालील आयोगाने हजारो साक्षी घेऊन २०१५ साली याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटले. २०२२ साली पोप फ्रान्सिस स्वतः तिथे जाऊन माफी मागून आले आणि २०२३ साली व्हॅटिकनने जुन्या फर्मानांवर उभा राहिलेला सिद्धांत नाकारला. शिंगवॉकच्या नावाने निघालेली आणि पुढे निवासी शाळा झालेली जागा, तिथे आता विद्यापीठ आहे. माफीने मेलेले पोर येत नाही, पण आपल्याकडे हजारो वर्षांच्या अस्पृश्यतेबद्दल कोणत्या पीठाने माफी मागितली, हे मी अजून शोधतो आहे.

शेवटचे सांगतो, हे माझ्या विरुद्धचे आहे. आपल्या महाराष्ट्रात आदिवासी मुलांच्या आश्रमशाळा आहेत. कायदा कुणाला ओढून नेत नाही, आईबाप आशेने पाठवतात, हा फरक मोठा आहे. पण पोरे घरापासून लांब राहतात, आजारी पडतात, दगावतात, बातम्या आपण वाचतो. गोंड, कोरकू, पावरा पोरासमोर जी भाषा काठी घेऊन उभी असते, ती इंग्रजी नव्हे. आपली मराठी असते.

मागे पुलापलीकडच्या बांधकामावर पावरा कुटुंबे येऊन राहिली होती. त्यांतला एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा आपल्या रविवारच्या वर्गात येऊन बसायचा, बहुतेक खाऊसाठी. एकदा तो त्याच्या बोलीत काहीतरी म्हणाला आणि वर्ग हसला. मी वर्ग शांत केला, पण त्याच्याकडे बघून म्हणालो, "इथं मराठीत बोलायचं." आवाज चढवला होता मी. पुढच्या रविवारी तो आला नाही. मलाही तेव्हा त्याचे काही वाटले नाही. ही कॅनडाची माहिती वाचत होतो तेव्हा एका रात्री तो पोरगा डोळ्यांपुढे आला. दुसऱ्या दिवशी मी पुलापलीकडे गेलो. इमारत पुरी झाली होती, पाले उठली होती. वॉचमनला विचारले तर म्हणाला, ते दोन महिन्यांपूर्वीच दुसऱ्या कामावर गेले, कुठे ते माहीत नाही. त्याचे नाव विचारायचेही मी राहून गेलो होतो.